हेगमधील घरखरेदी: छप्पर, पाया आणि तीन घरांची सोसायटी

उत्तर समुद्राच्या किनाऱ्याला समांतर जाणारे वाळूचे जुने पट्टे आणि त्यांच्यामधल्या सखल भागात साचलेली पीट नावाची मऊ, काळी, दलदलीची माती अशा दुहेरी जमिनीवर नेदरलँड्समधले हेग शहर वसले आहे. वाळूवर पैसेवाले आणि पीटवर कामकरी अशी इथली जुनी विभागणी असून, वाळूवरच्यांना ‘हागेनार’ आणि पीटवरच्यांना ‘हागेनेस’ म्हणण्याची पद्धत अजूनही, थट्टेने का होईना, चालू आहे. लान फान मेरडेरफोर्ट हा शहराला आडवा छेदणारा लांबच लांब रस्ता ढोबळमानाने या दोहोंमधली सीमा समजला जातो. भाड्याच्या घरात राहत असताना ही माहिती आमच्या लेखी एक स्थानिक गंमत होती. 2024 साली स्वतःचे घर घ्यायला निघालो, तेव्हा मात्र मेकलारपासून, म्हणजे घरांच्या दलालापासून, बँकेपर्यंत प्रत्येकाच्या बोलण्यात घराखाली काय आहे हा विषय निघू लागला. वाळूवर घराचा पाया थेट जमिनीवर बसवता येतो. पीटवरच्या जुन्या घरांखाली लाकडी खांब ठोकलेले असतात, आणि भूजलाची पातळी खाली जाऊन खांबांची टोके उघडी पडली की ती कुजू लागतात. असा पाया दुरुस्त करण्याचा खर्च सर्वसाधारण कुटुंबाचे कंबरडे मोडेल इतका असू शकतो, आणि नेहमीच्या घरविम्यातून तो भरून मिळत नाही.

आमचा शोध फ्रुख्तेनबुर्ट या परिसरात येऊन थांबला. इथल्या रस्त्यांना फळांची आणि फळझाडांची नावे आहेत. 1920 आणि 1930 च्या दशकांत बांधलेल्या विटांच्या तीन मजली रांगा, पुढे आलेली सपाट छपरे, आडव्या खिडक्यांचे पट्टे आणि दारावर जुन्या रंगीत काचा असा इथला तोंडवळा आहे; वास्तुकलेत याला न्यू हेग स्कूल म्हणतात. फाहरेनहाइटस्ट्राटची दुकाने सायकलने जवळ, समुद्रही जवळ, आणि रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर सायकलींची घंटा सोडली तर फारसा आवाज नाही. समुद्रपक्ष्यांचा अपवाद इथेच नोंदवून ठेवते, कारण घराच्या जाहिरातीत तो कोणी नोंदवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत सपाट छपरांवर घरटी करणारे हे पक्षी पहाटे चारपासून जो कलकलाट करतात, त्यापुढे आमच्या ठाण्यातल्या घराजवळचे कावळे फारच सुसंस्कृत म्हणावे लागतील.

हेगमधल्या या घरांची रचना समजल्याशिवाय पुढचा व्यवहार कळणार नाही. रस्त्यावरून दगडी पायऱ्यांचा एक उघडा जिना पहिल्या मजल्यावरच्या ओट्यापर्यंत जातो, त्याला पोर्टिक म्हणतात. तिथे शेजारी शेजारी अनेक दारे असतात, आणि वरच्या मजल्याच्या दारातून आत शिरले की पुन्हा एक अरुंद, शिडीसारखा चढा जिना असतो. सोफा किंवा कपाट या जिन्याने वर जाणे अशक्य. ते बाहेरून यांत्रिक शिडीने खिडकीतून आत घ्यावे लागते. तळमजला बागेसह एकाचा, मधला मजला दुसऱ्याचा, वरचा तिसऱ्याचा, आणि पाया, बाहेरच्या भिंती व छप्पर तिघांचे सामाईक. या सामाईक मालकीसाठी सर्व घरमालकांची एक संघटना कायद्यानेच अस्तित्वात येते, तिला सगळे व्हीव्हीई म्हणतात. घर घेतले की तुम्ही आपोआप तिचे सभासद होता, नको म्हणता येत नाही. आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीची ही चुलत बहीणच, फरक इतकाच की आम्ही घेतलेल्या, वरच्या मजल्याच्या घराच्या बाबतीत या सोसायटीत तीन घरे होती आणि तिची सभा कित्येक वर्षांत झालेली नव्हती.

घरे शोधण्याचे संकेतस्थळ इथे प्रामुख्याने एकच, फंडा. सकाळी घर दिसले की दुपारपर्यंत भेटीच्या वेळा भरून जातात, आणि भेट म्हणजे साधारण वीस मिनिटे. जिन्यावर आधीचे इच्छुक उतरत असतात आणि खाली पुढचे उभे असतात. खरेदीदाराच्या बाजूने काम करणारी मेकलार आम्ही याच कारणाने नेमली. मेकलार या पदवीला 2001 पासून कायद्याचे संरक्षण उरलेले नाही, म्हणून एनव्हीएमसारख्या व्यावसायिक संघटनेचा सभासद निवडणे शहाणपणाचे. मागे वळून पाहता घर शोधण्यात आमच्या मेकलारचा उपयोग फार झाला नाही, कारण ते आम्ही स्वतःच करत होतो. तिची किंमत कळली ती भेटीत. आम्ही स्वयंपाकघराची खिडकी कुठे उघडते ते पाहत असताना ती विक्रेत्याच्या मेकलारला विचारत होती, व्हीव्हीईच्या खात्यात किती शिल्लक आहे आणि मागच्या सभेचे इतिवृत्त कुठे आहे. समोरचा गृहस्थ हसला आणि म्हणाला, इथे सगळे शेजारी समजूतदार आहेत, खर्च निघाला की आपसांत वाटून घेतात.

या उत्तराचा अर्थ आमच्या मेकलारने बाहेर आल्यावर सांगितला. अशा व्हीव्हीईला इथे ‘झोपलेली’ म्हणतात. ती कागदावर असते, पण सभा नाही, मासिक वर्गणी नाही, राखीव निधी नाही, कधी कधी सामाईक इमारतविमाही नाही. 2018 पासूनच्या कायद्यानुसार व्हीव्हीईने दरवर्षी एकतर किमान दहा वर्षांच्या देखभाल आराखड्यानुसार, नाहीतर इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या 0.5 टक्के इतकी रक्कम राखीव निधीत टाकली पाहिजे. प्रत्यक्षात हेगमधल्या दोन-तीन घरांच्या अनेक छोट्या संघटनांनी हा नियम वाचलेलाही नसतो. बँका मात्र तो वाचतात, आणि झोपलेली व्हीव्हीई असलेल्या घरावर कर्ज द्यायला कुरकुर करतात, काही तर सरळ नाही म्हणतात.

घर सोडून द्यावे असे माझ्या नवऱ्याचे मत पडले. माझे मत वेगळे होते, आणि त्याला कारण गणिताचे होते. झोपलेल्या व्हीव्हीईमुळे काही इच्छुक बिचकणार, म्हणजे बोलींची चढाओढ थोडी कमी होणार, आणि तीनच घरे असल्याने तिला जागे करणेही तीसजणांच्या सोसायटीपेक्षा सोपे जाणार. मेकलारने यात एक वाट सुचवली: बोली लावावी, पण करारात अशी अट घालावी की ठरावीक तारखेपर्यंत व्हीव्हीईची चेंबर ऑफ कॉमर्सकडे नोंदणी, सामाईक विमा, बँक खाते आणि मासिक वर्गणीचा सभेत मंजूर झालेला ठराव हे सगळे झाले नाही, तर आम्हाला दंड न भरता बाहेर पडता येईल.

बोली बंद लखोट्याच्या पद्धतीची असते. ठरल्या दिवशी दुपारी बारापर्यंत एकच आकडा, सोबत अटी, आणि हवे असेल तर स्वतःची ओळख करून देणारे पत्र. विक्रेत्यावर सर्वांत मोठा आकडा स्वीकारण्याचे बंधन नाही. पत्राचा प्रकार मला अजूनही खटकतो, कारण गोंडस मुलाचा फोटो लावलेले पत्र आणि एकट्या माणसाचे कोरडे पत्र यांतली निवड सोपी आहे आणि न्याय्य मुळीच नाही. गोल आकडा लिहू नका, शेवटी काही शे युरो जोडा, म्हणजे बरोबरी झाली तर तेवढ्यावर निभावते, हा मेकलारचा सल्ला मात्र आम्ही मानला. बाजार तापलेला असताना पुष्कळ लोक कर्जाची अटही काढून टाकतात. आम्ही ती ठेवली. तशी अट नसेल आणि बँकेने ऐनवेळी नकार दिला, तर प्रथेप्रमाणे किमतीच्या 10 टक्के रक्कम दंड म्हणून जाते, आणि परदेशी नागरिकाच्या कर्जप्रकरणात बँक काय काय मागेल याचा भरवसा नसतो.

बोली मान्य झाल्याचा फोन आला तेव्हा आनंद झाला, पण तोंडी होकाराने इथे काहीही बांधले जात नाही. राहण्यासाठी घर घेणाऱ्याच्या बाबतीत करार लेखी असावाच लागतो, आणि दोघांच्या सह्यांची प्रत हातात पडल्यावर दुसऱ्या दिवसापासून खरेदीदाराला तीन दिवस विचाराचे मिळतात. त्या काळात कारण न देता माघार घेता येते. विक्रेत्याला हा हक्क नाही. करारात वयाचे कलम होते, म्हणजे घर जुने आहे आणि जुन्या घराकडून नव्या घराच्या अपेक्षा ठेवू नयेत. ॲस्बेस्टॉसचे कलम होते, कारण त्यावर पूर्ण बंदी 1993 मध्ये आली आणि आमचे घर त्याच्या साठेक वर्षे आधीचे. ही कलमे वाचून ठाण्याहून बाबांनी फोनवर विचारले, “अगं, मग विकणाऱ्याची जबाबदारी नेमकी कशाची? आणि टायटल क्लिअर आहे का, ते कोण बघणार?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. कडास्टर म्हणजे इथले भूमापन आणि मालकी नोंदणीचे कार्यालय 1832 पासून चालू आहे, आणि थोडेसे शुल्क भरून कोणीही कोणत्याही घराचा मालक, त्यावरचा बोजा आणि शेवटची खरेदीची किंमत पाहू शकतो. शिवाय आपला खरेदी करार तिथे नोंदवून ठेवला, तर पुढचे सहा महिने विक्रेत्याने तेच घर दुसऱ्याला विकले किंवा त्याला कर्ज दिलेल्यांनी जप्ती आणली तरी खरेदीदाराचे संरक्षण होते. एकच फ्लॅट दोघांना विकल्याच्या बातम्या वाचत मोठ्या झालेल्या माणसाला ही सोय फार मोलाची वाटते. जमीन महापालिकेची भाडेपट्ट्याची होती, पण पट्ट्याची रक्कम कायमची एकरकमी भरलेली असल्याचेही तिथूनच कळले. हेगमध्ये हा मुद्दा तपासल्याशिवाय बोली लावू नये, कारण काही घरांवर दरवर्षीचे भाडे चालूच असते.

तांत्रिक तपासणीचा दिवस मला सगळ्यांत जास्त आवडला. तपासनीस आधी तळमजल्यावरच्या वृद्ध बाईंच्या परवानगीने त्यांच्या दारामागची फळी उचलून फरशीखालच्या बुटक्या पोकळीत पोटावर सरपटत गेला, आणि गुडघे-कोपरांना वाळू लावून वर आला. ती वाळू पाहूनच त्याने मान डोलावली. मग आमच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या मीटरजवळचा पाइप त्याने नाण्याच्या कडेने खरवडला. वरचा मळकट राखाडी थर निघाला आणि खाली चांदीसारखी मऊ रेघ चमकली. नाण्याने ठोकल्यावर आवाज तांब्यासारखा खणखणीत येण्याऐवजी बद्द आला. 1960 पूर्वीच्या घरांत शिशाचे पाइप असू शकतात आणि लहान मुलांसाठी ते धोकादायक असतात; आमच्या घरात साधारण दोन मीटर शिल्लक होते. छपरावरचा डांबरी थर ठिकठिकाणी फुगला होता आणि पाण्याच्या निचऱ्याशी शेवाळ साचले होते. अहवालात पुढच्या दोन-तीन वर्षांत छप्पर नवे करावे लागेल असे लिहून आले, आणि व्हीव्हीईचा प्रश्न कागदावरून थेट आमच्या डोक्यावर आला.

गृहकर्जाचा भाग लांबलचक असला तरी त्यात नाट्य कमी होते. कर्ज घराच्या मूल्यांकनाच्या जास्तीत जास्त 100 टक्के मिळते, म्हणून बोली मूल्यांकनापेक्षा वर गेली तर फरक खिशातून भरायचा. त्याखेरीज 2 टक्के हस्तांतरण कर, नोटरी, मूल्यांकन आणि सल्लागार यांचा खर्चही स्वतःच्याच पैशांतून. 35 वर्षांखालच्या पहिल्या खरेदीदाराला 2024 मध्ये 5,10,000 युरोंपर्यंतच्या घरावर हा कर माफ होता, पण आम्ही दोघांनीही पस्तिशी ओलांडलेली. घराची किंमत राष्ट्रीय कर्जहमी योजनेच्या त्या वर्षीच्या 4,35,000 युरोंच्या मर्यादेत बसली, त्यामुळे कर्जाच्या 0.6 टक्के शुल्क भरून व्याजदर थोडा कमी मिळाला आणि नोकरी गेल्यास काहीसा आधार राहिला. ऊर्जा वर्गवारी ई असल्याने काचा बदलणे व उष्णतारोधन यांसाठी वेगळे वाढीव कर्ज घेता येत होते, तेही आम्ही घेतले. 2013 पासून घेतलेल्या कर्जावरचे व्याज करपात्र उत्पन्नातून वजा करायचे असेल, तर ते 30 वर्षांच्या आत हप्त्याहप्त्याने पूर्ण फेडावे लागते, म्हणून तो पर्याय निवडताना फार विचार करावा लागला नाही.

पैशांच्या उगमाची चौकशी मात्र अपेक्षेपेक्षा खोल निघाली. आमच्या वाट्याच्या रकमेतला एक भाग भारतातल्या एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यातून आला होता. तिथून पैसे बाहेर काढायला सनदी लेखापालाचे 15 सीबी प्रमाणपत्र आणि 15 सीए अर्ज लागला, आणि इथल्या नोटरीला मनी लाँडरिंगविरोधी कायद्यामुळे त्याही मागचे, म्हणजे ती रक्कम त्या खात्यात कशी आली याचे कागद हवे होते. जुन्या मुदत ठेवींच्या पावत्या, बाबांनी दिलेल्या रकमेचे पत्र, सगळे इंग्रजीत तयार करून पाठवले. भारतातून पैसे आणणाऱ्यांनी ही तयारी बोली लावण्याआधी करावी, कारण करारातली तारीख कोणासाठी थांबत नाही.

तोवर विक्रेता कामाला लागला होता. घर विकण्याची गरज त्याची, त्यामुळे कित्येक वर्षे न झालेली सभा आठवडाभरात झाली. मधल्या मजल्यावरचे तरुण जोडपे लगेच तयार झाले, कारण उद्या त्यांनाही घर विकायचे होतेच. अडून बसल्या त्या तळमजल्यावरच्या बाई. छप्पर वरच्यांचे, बाग माझी, मग मी दरमहा पैसे का भरू, असा त्यांचा सरळ सवाल होता. विभागणीच्या मूळ कागदात तिन्ही घरांचा वाटा समान, एक तृतीयांश, लिहिलेला होता, आणि त्यात छपराबरोबर पायाही होता. आमच्या मेकलारने विक्रेत्यामार्फत एवढेच कळवले की पायाच्या दुरुस्तीचा खर्च कधी निघाला, तर वरच्या दोन घरांनाही तो तितकाच भरावा लागेल. बाईंनी नात्यातल्या एका वकिलाला कागद दाखवला आणि सही केली. महापालिकेची व्हीव्हीईंना मार्गदर्शन करणारी सेवा आहे, तिथल्या नमुन्यांमुळे इतिवृत्त आणि नोंदणीचे काम सोपे झाले, आणि अटीची तारीख उलटण्याच्या थोडे आधी बँकेला हवे असलेले सगळे कागद पोहोचले.

हस्तांतरणाच्या सकाळी घराची शेवटची पाहणी होते आणि वीज, गॅस, पाण्याच्या मीटरचे आकडे टिपले जातात. काय सोडून जाणार आणि काय नेणार याची यादी करारासोबतच असते, आणि ती बारकाईने वाचावी, कारण इथे लोक पडदे, दिवे, एवढेच काय जमिनीवरचे लॅमिनेटही उचलून नेतात. आमच्या यादीत दिव्यांसमोर ‘नेणार’ असे होते, तेव्हा प्रत्येक खोलीच्या छताला दोन तारा आणि त्यांच्या टोकाला प्लास्टिकचा छोटा जोड एवढेच लटकत होते. नोटरीच्या कार्यालयात शपथबद्ध दुभाषी बसली होती, कारण खरेदीदाराला डच नीट कळत नसेल तर दस्तऐवज त्याला समजेल अशा भाषेत पोहोचवण्याची जबाबदारी नोटरीची असते. सगळे पैसे नोटरीच्या स्वतंत्र विश्वस्त खात्यातून जातात. मालकीची नोंद कडास्टरमध्ये स्वच्छ झाल्याची खात्री पटल्यावरच ते विक्रेत्याला मिळतात. रोख रक्कम, वरचे पैसे, कोपऱ्यातली कुजबुज यांना या व्यवहारात कुठेही जागा नव्हती, आणि याबद्दल या देशाला मी मोकळ्या मनाने दाद देते, जरी त्यांच्या वीस मिनिटांच्या घरभेटीबद्दल माझे मत कायमचे वाईट आहे.

नव्या घरातली पहिली व्हीव्हीई सभा तळमजल्यावरच्या बाईंच्याच दिवाणखान्यात झाली. आमच्या लाकडी जमिनीखाली आवाज रोखणारा थर आहे का, हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि आम्ही 10 डेसिबल आवाज कमी करणाऱ्या थराची पावती दाखवल्यावर त्या थोड्या सैल झाल्या. प्रेशर कुकरच्या शिट्टीचे स्पष्टीकरणही तेव्हाच दिले. छपराची दोन दरपत्रके समोर होती. एकात जुन्या थरावरच नवा डांबरी थर होता, दुसऱ्यात खाली उष्णतारोधक थरही होता आणि ते बरेच महाग होते. मधल्या मजल्यावरच्यांनी आणि आम्ही महागाला मत दिले, बाईंनी स्वस्ताला. बहुमत झाले असते, पण खात्यात तेवढे पैसे नव्हते आणि जादा वर्गणीचा ठराव आम्ही मुद्दाम मांडला नाही. त्याऐवजी मासिक वर्गणी वाढवून छपराचे काम पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात, समुद्रपक्ष्यांची पिल्ले उडून गेल्यावर करायचे ठरले. घरट्यांना हात लावायला इथे कायद्याने मनाई आहे. हिशेब ठेवण्याचे काम माझ्या नवऱ्याकडे आले, आणि इतिवृत्त डचमध्येच लिहिले जाईल अशी अट बाईंनी घातली.